हद्द आणि शेजार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दि. २६ जानेवारी २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला समितीनं पंधरा मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वेळ दिली की तो व्याजासकट वसूल करतो, ही भीती तुमच्या चेहऱ्यावर दिसते आहे. मी प्रयत्न करतो.

रौप्यमहोत्सवात जुन्या आठवणी सांगायच्या असतात. रस्त्यावर दिवे नव्हते, पावसाळ्यात चिखलातून चप्पल हातात घेऊन यावं लागायचं, पहिला टँकर आला तेव्हा आपण नारळ फोडला, या सगळ्या आठवणी माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान सांगितल्या. त्यामुळे मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. येत्या मार्चमध्ये आपली विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्यासमोर दोन विषय आहेत. पहिला, गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनचं सभासदत्व घ्यायचं की नाही. दुसरा, 'एका प्लॉटवर एकच बंगला' हा आपला पोटनियम बदलून रो-हाऊसला परवानगी द्यायची की नाही. दोन्हींवर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते आपण सगळे वाचतो. मला तिथं भराभर टाइप करता येत नाही, म्हणून इथं बोलतो.

आधी हद्दीविषयी. माझा जन्म १९५० चा, वाळवे तालुक्यातला. माझा जन्म झाला तेव्हा माझा जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले होते. मी चौथीत होतो तेव्हा, १९६० साली, आमच्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गुरुजींनी फळ्यावरचं जुनं नाव पुसून नवं लिहिलं. आमचं घर हललं नाही, विहीर हलली नाही, म्हैस तर मुळीच हलली नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली, की हद्द ही कागदावरची गोष्ट असते, आणि तरीही तिच्यामुळे पुढं पुष्कळ काही बदलतं. कुठल्या कचेरीत जायचं, कुणाला मत द्यायचं, कर कुणाकडे भरायचा, हे सगळं त्या रेषेवर ठरतं.

दुसऱ्यांदा हे पाहिलं ते सांगलीत. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. मी तेव्हा सांगलीच्या शाखेत कर्ज विभागात होतो आणि विश्रामबागला भाड्यानं राहत होतो, म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या बरोबर मधोमध. काउंटरवर रोज वाद ऐकायला मिळायचे. मिरजेचा माणूस म्हणायचा, 'आम्ही रेल्वेचं जंक्शन, आमचं मिशन हॉस्पिटल शंभर वर्षांचं, आमच्या तंबोऱ्याशिवाय देशात गाणं होत नाही, आणि आता आम्ही सांगलीचा वॉर्ड होणार?' सांगलीचा माणूस म्हणायचा, 'आमचे पैसे आता तिकडे जाणार.' कुपवाडचा माणूस म्हणायचा, 'एमआयडीसी आमच्याकडे, आणि नावात आम्ही तिसरे!'

पुढं काय झालं? मिरज मिरजच राहिली. तंबोरे आजही तिथंच होतात, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्वागत कमानी बघायला आजही लोक लांबून येतात. मोठ्या संस्थेत गेल्यामुळे गावाचं गावपण गेलं नाही. पण एक गोष्ट मी तिथं पाहिली. ज्या भागातली माणसं उठून सभेला जात होती, अर्ज लिहीत होती, त्याचा पाठपुरावा करत होती, त्यांना काही ना काही मिळालं. जी घरात बसून 'आमच्यावर अन्याय होतो' म्हणत होती, ती आजही तेच म्हणत असतील.

तिसऱ्यांदा हद्द बदलली ती आपलीच. सप्टेंबर २०२० मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर आणि भोवतालचे भाग शहरात आले, आपणही आलो. करोनाचे दिवस होते, त्यामुळे फटाके वाजवायला कुणी बाहेर आलं नाही. खरं तर सातारा शहर स्वतःच एक हद्दवाढ आहे. आधी वर अजिंक्यतारा होता, मग शाहू महाराजांच्या काळात डोंगराखाली पेठा वसल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार करत करत शहर पसरलं. नगरपालिका झाली ती १८५३ साली. प्रत्येक नव्या पेठेला आधीच्या पेठेनं नाक मुरडलंच असेल. त्या रांगेत आपण आता सगळ्यात शेवटी उभे आहोत, एवढाच फरक.

आता फेडरेशनचा विषय. 'वर्गणी कशाला भरायची', 'उद्या ते आपल्यावर हुकूम चालवतील', 'आपलं आपण बरे' असे तीन आक्षेप मी वाचले. तिसरा आक्षेप सहकारी संस्थेच्या सभासदानं घ्यावा याची मला मौज वाटते. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी रावबहादूर तालमकींच्या पुढाकारानं गृहनिर्माण संस्था काढली, ती आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. 'आपलं आपण बरे' असं म्हणून ती निघाली नाही. एकेकट्याला घर परवडत नाही म्हणून माणसं एकत्र आली. माणसांनी एकत्र येऊन संस्था करायची, आणि संस्थांनी एकत्र येऊन संघ करायचा, हाच सहकाराचा जिना आहे. आपण पहिल्या पायरीवर पंचवीस वर्षं बसून आहोत. आदर्श उपविधी काढून बघा. संस्थेनं नोंदणी झाल्यावर फेडरेशनचं सभासद व्हावं असं त्यात सुरुवातीलाच आहे. म्हणजे हा विषय आपण पंचवीस वर्षं उशिरा घेतो आहोत. बँकेच्या भाषेत हे खातं थकीत आहे.

हुकूम चालवण्याचं म्हणाल, तर फेडरेशन म्हणजे नगरपालिका नव्हे. ते आपल्यावर घरपट्टी बसवू शकत नाही, आपलं मैदान घेऊ शकत नाही. सभासद होणं म्हणजे विलीन होणं नव्हे. उपयोग काय, तर २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. सहयोगी सभासद कोण, तात्पुरता सभासद कोण, थकबाकी कशी वसूल करायची, हे सगळं नव्यानं लिहिलं गेलं. आपल्या समितीतल्या किती जणांनी ते वाचलंय? मी हात वर करायला सांगत नाही, आज सणाचा दिवस आहे. पण प्रशिक्षण, हिशेब, निवडणूक, वादाचे अर्ज याबाबत कुणाला तरी विचारायची जागा असावी, एवढी माझी अपेक्षा आहे.

आणि आणखी एक. आपण शहराच्या हद्दीत आलो, पण नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि त्यानंतर प्रशासक आले. राज्यातल्या बऱ्याच नगरपालिकांचं तेव्हा असंच झालं. म्हणजे आपल्या भागाचा नगरसेवक निवडायला आपल्याला वाट पाहावी लागली. अशा वेळी एका सोसायटीचा अर्ज आणि पन्नास सोसायट्यांचा मिळून अर्ज यात फरक पडतो की नाही, ते तुम्हीच ठरवा. माझं मत होय असं आहे.

इथपर्यंत बोलणं सोपं होतं. आता दुसऱ्या विषयाकडे येतो, आणि इथं मला जरा जड जातंय.

'एका प्लॉटवर एकच बंगला' हा पोटनियम कुणी लिहिला, हे नव्या सभासदांना माहीत नसेल. तो मी लिहिला. २००६ साली मी संस्थेचा सचिव होतो. तेव्हा आपल्या एका सभासदांनी, निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, एक अर्ज दिला. त्यांचे कोपऱ्यावरचे दोन प्लॉट लागून होते. त्यांना त्यावर चार लहान रो-हाऊस बांधायची होती. एकात स्वतः राहायचं, तीन विकायची. गिऱ्हाईकंही ठरलेली होती. एक एसटीतले कंडक्टर, एक सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आणि तिसरे गुरुजींच्याच शाळेतले शिपाई.

मी रात्री बसून विरोधाचं टिपण तयार केलं. अजून माझ्या फायलीत आहे, परवा काढून वाचलं. पाणी पुरणार नाही, गाड्या लावायला जागा नाही, कॉलनीचं स्वरूप बिघडेल, प्लॉटचे दर उतरतील. चार मुद्दे, खाली सही, तारीख. बँकेत कर्ज नाकारताना जसं व्यवस्थित लिहीत असे, तसंच. सभेत मी ते वाचून दाखवलं. ठराव दोन तृतीयांशापेक्षा कितीतरी जास्त मतांनी मंजूर झाला, उपनिबंधक कार्यालयाची मंजुरी आली, पोटनियम लागू झाला. सगळं कायदेशीर. गुरुजी सभेत एकच वाक्य बोलले. म्हणाले, 'साहेब, ही माणसं वाईट नाहीत हो.' मी म्हणालो, 'प्रश्न माणसांचा नाही, नियमाचा आहे.'

प्रश्न माणसांचाच होता. ते मला तेव्हाही कळत होतं.

गुरुजींनी दोन्ही प्लॉट विकले आणि ते कराडकडे निघून गेले. घेणाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतले. आज अठरा वर्षं झाली, तिथं एक वीट लागलेली नाही. गवत वाढतं, दर पावसाळ्यात साप निघतो आणि आपण सर्पमित्राला फोन करतो. ज्या जागी चार घरांचे दिवे लागले असते, तिथं ही अवस्था आहे.

आता मी तुम्हाला परत सांगलीला नेतो, कारण या गोष्टीचं दुसरं टोक तिथं आहे. आमच्या शाखेत एक शिपाई होते. अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांनी एक गुंठा जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. नाल्याच्या बाजूचा सखल भाग, शेतीच्या जमिनीचे तुकडे पाडून विकलेले. त्यांनी घर बांधायला कर्जाचा अर्ज केला. कागद माझ्यापुढं आले. बिनशेतीचा आदेश नाही, मंजूर रेखांकन नाही. मी अर्ज परत केला. नियमानं दुसरं काही करताच येत नव्हतं. अशी गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेली घरं सांगलीत हजारोंनी झाली. शेवटी सरकारला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि ती घरं नियमित करण्याची वाट काढावी लागली.

त्यांनी सोसायटीकडून, नातेवाइकांकडून उचल घेऊन घर बांधलं. २००५ च्या पुरात पाणी घरात आलं. मग २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आपल्या सोसायटीनं धान्य आणि चादरी जमवल्या होत्या, त्या टेम्पोबरोबर मीही गेलो होतो. पाणी ओसरल्यावर त्या शिपायांचं घर शोधून काढलं. गाद्या, कपाट, नातवाची पुस्तकं, सगळं रस्त्यावर टाकलेलं. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. त्यांनी शेजाऱ्याकडून चहा मागवला. मी न राहवून विचारलं, 'अहो, एवढ्या सखल जागेत का घेतलंत?' ते म्हणाले, 'साहेब, मला परवडणारी तेव्हा हीच जागा होती.'

परतीच्या प्रवासात पेठ नाक्यापर्यंत मी काही बोललो नाही. मला गुरुजींचा अर्ज आठवत होता. त्या तीन कुटुंबांतलाही एक शिपाईच होता.

मंडळी, लोक गुंठेवारीला नावं ठेवतात. बेकायदा, अस्ताव्यस्त, रस्ते नाहीत, गटारं नाहीत. सगळं खरं. पण ती का वाढली? मंजूर लेआउटमध्ये लहान माणसाला परवडेल एवढा लहान तुकडा मिळत नव्हता. तीन-तीन हजार फुटांचे प्लॉट त्याला घेता येत नव्हते. चांगल्या, उंचवट्यावरच्या कॉलनीनं दार लावून घेतलं की तो माणूस नाहीसा होत नाही. तो खाली जातो, नाल्याच्या कडेला. आपण नियम केला आणि आपली जबाबदारी संपली असं वाटतं, पण त्याची किंमत कुणीतरी दुसरीकडे भरत असतो.

आपण हद्दवाढीची वाट पाहत होतो ती कशासाठी? शहराचं पाणी हवं होतं, शहराची गटारयोजना हवी होती, शहराचे रस्ते आणि दिवे हवे होते. पण त्या शहरात जी माणसं राहतात, एसटी चालवतात, दवाखान्यात रात्रपाळी करतात, ती मात्र शेजारी नको होती. हे जमत नाही. मोठ्या घरात आपल्याला घ्या म्हणायचं आणि आपल्या घरात कुणाला घ्यायचं नाही, हा व्यवहार एकतर्फी झाला.

बरं, आज आपली अवस्था काय? बेचाळीस प्लॉट. छत्तीस घरं. त्यातली सात कुलूपबंद. पंधरा घरांत फक्त आम्ही म्हातारी माणसं, मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेला. रात्री साडेनऊनंतर एखाद्याला काही झालं तर जिना उतरून धावत येईल असा तरुण माणूस किती घरांत आहे, मोजून बघा. २०२१ मध्ये आमच्या सौ.ना अर्धांगवायूचा झटका आला. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, देवाची कृपा. त्यांची सेवा करायला ज्या ताई यायच्या, त्या रोज चौदा किलोमीटरवरून स्कूटीनं यायच्या. एकदा पावसात भिजून आल्या, तेव्हा मी म्हणालो, 'इथंच जवळ खोली का बघत नाही?' त्या म्हणाल्या, 'काका, तुमच्या कॉलनीत आमच्यासारख्यांना कुठं जागा आहे?' त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या. सौ.नी मात्र माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं.

गुरुजी आता नाहीत. त्यांना भेटून चूक कबूल करायचं मनात होतं, पण 'पुढच्या वेळी कराडला गेलो की जाऊ' म्हणत राहून गेलं. म्हणून ते आज तुमच्यासमोर बोलतो, आणि स्मरणिकेतही छापा असं संपादकांना सांगितलं आहे. माझ्या टिपणाला ज्यांनी विश्वासानं मत दिलं त्यांचा दोष नाही. टिपण माझं होतं.

आता जे सभासद विरोध करताहेत, त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पाणी, गाड्या, मैदान हे प्रश्न खरेच आहेत. फक्त २००६ मध्ये मी ते प्रश्न दार बंद करायला वापरले, आता आपण ते अटी म्हणून लिहू या. माझ्या सूचना अशा:

एक, दोन लागून असलेल्या प्लॉटवर जास्तीत जास्त चार रो-हाऊस, तळमजला आणि एक मजला. उंच इमारत नाही.

दोन, प्रत्येक घराची गाडी आवारातच. रस्त्यावर नाही.

तीन, पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय केल्याशिवाय ना-हरकत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्यावरच्या भूखंडाला ते बंधनकारकच आहे. आपले दोन प्लॉट एकत्र केले की तेवढे होतात.

चार, मैदानाला हात नाही. आपली जागा साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे. त्यातले अठरा गुंठे मंजूर रेखांकनात मोकळी जागा म्हणून आहेत. ते अठराच्या अठरा तसेच राहतील, असं ठरावातच लिहा.

पाच, नव्या घरमालकाला पूर्ण सभासदत्व, पूर्ण मत. देखभाल खर्चाचा वाटा घ्यायचा आणि सभेत मागच्या बाकावर बसवायचं, असं नको.

बांधकामाची अंतिम परवानगी नगरपालिकाच देईल, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे आणि नियमाप्रमाणे. आपल्या हातात आहे तो फक्त आपला पोटनियम. तो बदलायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि मग उपनिबंधकांची मंजुरी. म्हणजे घरी बसून पाठिंबा देऊन उपयोग नाही. विरोध असेल तरीही या. सभेत बोला, समोरासमोर बोला. पण मत देण्यापूर्वी एकदा त्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटपर्यंत चालत जा आणि मग ठरवा, एवढीच माझी विनंती.

माझी पंधरा मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि बालमित्रांना श्रीखंडाचा वास आला आहे. पुढचा महोत्सव पन्नासाव्या वर्षी होईल. त्याला मी नसेन, तुमच्यातली ही मुलं असतील. तेव्हा त्यांच्या शेजारी कोण राहत असेल, ते मार्चमध्ये आपण ठरवणार आहोत.